कॅलिब्रेशन शिकायचंय? कॅलिपर, मायक्रोमीटर की डायल गेज, आधी काय हाती घ्यावं

मोजायला येतं, पण ज्यानं मोजतो ते उपकरण बरोबर आहे का हे तपासता येत नाही, अशी वर्कशॉपमधल्या अनेकांची स्थिती असते. ती बदलायची म्हणून कॅलिब्रेशन शिकायला घेतलं की पहिला प्रश्न पडतो, सुरुवात कशावर करायची? हाताशी साधारण तीन गोष्टी असतात: 150 मिमीचा कॅलिपर, 0 ते 25 मिमीचा मायक्रोमीटर आणि 0.01 मिमी लीस्ट काउंटचा (वाचता येणारं सगळ्यात लहान माप) डायल गेज. बहुतेक जण कॅलिपर उचलतात, कारण तो रोजच्या वापरातला. मी मायक्रोमीटर घ्या म्हणेन. मायक्रोमीटरमधला जवळपास प्रत्येक दोष सुटा करून बघता येतो. कॅलिपरमध्ये ते एकमेकांत मिसळून समोर येतात आणि उपकरणाची चूक कुठली, आपल्या हाताची कुठली, हे नवख्याला उमगत नाही.

तुलनेला लागण्याआधी एक गोष्ट पक्की करून घेऊ. शून्य जुळवणं म्हणजे कॅलिब्रेशन झालं, असा समज फार पसरलेला आहे. कॅलिब्रेशनमध्ये आपण खात्रीच्या मापाची वस्तू उपकरणानं मोजतो, उपकरण किती चुकतंय ते लिहितो आणि आपल्या त्या लिहिण्यात किती अनिश्चितता आहे, म्हणजे तो आकडा किती इकडेतिकडे असू शकतो, तेही लिहितो. जुळवणी हे त्यानंतरचं, वेगळं काम. आधीच शून्य जुळवून टाकलं तर उपकरण कोणत्या अवस्थेत सापडलं होतं याची नोंद कायमची गेली. मग गेल्या काही महिन्यांत त्याच मायक्रोमीटरनं पास केलेले पार्ट खरंच मापात होते का, याचं उत्तर कुणीच देऊ शकत नाही. म्हणून पहिली सवय ही लावा: पुसून घ्या, पण जुळवू नका. सापडलं तसं रीडिंग आधी, जुळवणी नंतर, आणि जुळवणी केली तर सगळी रीडिंग पुन्हा.

मायक्रोमीटर

याची रचनाच शिकणाऱ्याच्या सोयीची आहे. स्पिंडलच्या (पुढेमागे सरकणाऱ्या दांड्याच्या) स्क्रूचा पिच, म्हणजे एका फेरीत तो सरकतो ते अंतर, 0.5 मिमी; थिंबलवर, म्हणजे फिरवायच्या नळीवर, 50 भाग, म्हणजे एक भाग 0.01 मिमी. मापाची रेषा आणि स्क्रूचा अक्ष एकाच सरळ रेषेत. अशा उपकरणात चूक येऊ शकते ती मोजक्या जागांहून: शून्य, स्क्रूचा पिच, थिंबलची फेरी, अॅन्व्हिल (समोरचा स्थिर टेकू) आणि स्पिंडलची तोंडं, रॅचेटचा (ठरावीक दाबाला घसरणाऱ्या खटक्याचा) दाब आणि तापमान. प्रत्येकीसाठी स्वतंत्र तपासणी आहे.

मायक्रोमीटर तपासायला जो दहा स्लिप गेजचा, म्हणजे नेमक्या जाडीच्या ठोकळ्यांचा, संच मिळतो त्यातली मापं बघा: 2.5, 5.1, 7.7, 10.3, 12.9, 15.0, 17.6, 20.2, 22.8 आणि 25.0 मिमी. पहिल्यांदा बघणाऱ्याला ही मापं विचित्र वाटतात. 5, 10, 15, 20, 25 अशी सरळ का नाहीत? सरळ घेतली असती तर थिंबल प्रत्येक वेळी शून्याच्याच रेघेवर थांबलं असतं. एका फेरीच्या आत स्क्रू पुढेमागे होत असेल तर ते कधीच दिसलं नसतं. 5.1 वर थिंबल 10 च्या रेघेवर थांबतं, 7.7 वर 20, 10.3 वर 30, 12.9 वर 40, आणि 15.0 वर पुन्हा शून्य. म्हणजे एकाच फेरफटक्यात स्क्रूची लांबीही तपासली जाते आणि फेरीही. एवढं एक कळलं की तपासणीचे बिंदू कसे निवडायचे याचं अर्धं शास्त्र हाती आलं. हे पुढे कुठल्याही उपकरणाला लागू पडतं.

मग येतो चुका वाचण्याचा भाग, आणि मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हाच. दहा बिंदूंवरच्या चुका एका कागदावर आलेखासारख्या मांडा. सगळ्या चुका एकसारख्या, समजा प्रत्येक ठिकाणी +3 मायक्रॉन (1 मायक्रॉन म्हणजे 0.001 मिमी), तर दोष शून्याचा. स्लीव्ह (रेघा असलेली स्थिर नळी) किंचित फिरवली की काम झालं. चूक मापाबरोबर हळूहळू वाढत गेली तर पिचकडे बघा. 10, 20, 30 च्या रेघांवर चढ-उतार पुन्हा पुन्हा तसाच आला तर दोष फेरीत आहे. आणि सुरुवात ठीक, शेवट ठीक, फक्त मधल्या एका पट्ट्यात चूक उडी मारते, असं दिसलं तर त्या मायक्रोमीटरवर वर्षानुवर्षं एकाच मापाचं काम झालं असण्याची शक्यता मोठी. तेवढेच आटे झिजलेत. हा शेवटचा प्रकार शून्य जुळवून सुटत नाही, आणि फक्त शून्य तपासणाऱ्याला तो दिसतही नाही.

तोंडांची सपाटी बघायला ऑप्टिकल फ्लॅट, म्हणजे अगदी सपाट काचेची चकती, लागतो. एकरंगी प्रकाशात तोंडावर ठेवला की पट्ट्या दिसतात. एका पट्टीपासून पुढच्या पट्टीपर्यंत काच आणि तोंड यांच्यातल्या अंतरात अर्ध्या तरंगलांबीचा, साधारण 0.3 मायक्रॉनचा फरक असतो. पट्ट्या सरळ आणि समान अंतरावर असतील तर तोंड सपाट, वाकल्या तर फुगीर किंवा खोलगट. दोन तोंडं समांतर आहेत का हे बघायला ऑप्टिकल पॅरलल (दोन्ही बाजू समांतर असलेल्या काचेच्या चकत्या) येतात, 12.00, 12.12, 12.25 आणि 12.37 मिमी अशा चार जाडीचे. कारण तेच: प्रत्येक जाडीला स्पिंडल सुमारे पाव फेरी पुढे असतो, म्हणजे डुगडुगणारा स्पिंडल कुठल्या तरी स्थितीत पकडला जातो. हे साहित्य जवळ नसलं तरी अडत नाही. बेअरिंगमधली एक चांगली स्टीलची गोळी घ्या, ती तोंडाच्या मध्यावर आणि कडेच्या चार जागी धरून रीडिंग घ्या. मध्यावर आणि कडेला फरक आला तर तोंडं झिजलीत किंवा कललीत. स्लिप गेज इथे फसवू शकतो, कारण तो सपाट असल्यानं खोलगट झालेल्या मध्यावरून पूल टाकल्यासारखा जातो आणि रीडिंग बरोबर देतो. गोल शाफ्ट मात्र नेमका त्या खड्ड्यात बसतो.

दाब हा विषय लहान आहे, पण तो टाळता येत नाही. मायक्रोमीटरचा दाब साधारण 5 ते 10 न्यूटनच्या घरात असतो आणि तो रॅचेटच ठरवतो. थिंबल जोरात फिरवत आणून आदळलं तर रॅचेट असूनही रीडिंग वेगळं येतं. हळू आणा, मग दोन-तीन टकटक, दर वेळी तेवढेच.

कॅलिपर

कॅलिपरची बाजू आधी मांडतो, कारण ती खरीच भक्कम आहे. तो स्वस्तात येतो आणि बाहेरचं, आतलं, खोलीचं अशी तिन्ही मापं घेतो. त्याची चुकीची मर्यादा मोठी असल्यानं तपासायला महागडे स्लिप गेज लागत नाहीत. चांगल्या 150 मिमी डिजिटल कॅलिपरची मर्यादा साधारण ±0.02 मिमी असते. आयएसओ 3650 या मानकाप्रमाणे 25 मिमीच्या ग्रेड 2 (सगळ्यात ढोबळ दर्जाच्या) स्लिप गेजला ±0.6 मायक्रॉनची सूट असते. 20 मायक्रॉनपुढे ती नगण्यच. खोलीचं तापमान दोन-चार अंश इकडेतिकडे झालं तरी निकाल फारसा हलत नाही. ज्याला आठवड्याभरात कॅलिपरांचा डबा तपासून मोकळं व्हायचंय, त्याला हे सोयीचंच.

शिकण्याच्या दृष्टीनं मात्र हीच सोय आड येते. कॅलिपरवर काम करणाऱ्याला तापमान, दाब, स्वच्छता यांचा परिणाम आकड्यात दिसत नाही, म्हणून तो त्यांची पर्वा करायला शिकत नाही. 25 मिमीचा स्टीलचा गेज मुठीत धरून पाच अंशांनी तापला की तो सुमारे 1.4 मायक्रॉननं वाढतो. 0.01 मिमीच्या कॅलिपरवर याचा मागमूसही लागत नाही. बऱ्याच चांगल्या मायक्रोमीटरची मर्यादा ±2 मायक्रॉन असते. तिथे हीच वाढ अर्ध्याहून जास्त मर्यादा खाऊन टाकते.

दुसरी अडचण रचनेची. कॅलिपरची मोजपट्टी एका रेषेत आणि पार्ट जबड्यात दुसऱ्या रेषेत. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे यांनी 1890 मध्ये मांडलेलं तत्त्व हेच सांगतं की माप आणि मोजपट्टी एका रेषेत हवी, नाहीतर जरासा कलही चुकीत उतरतो. आकड्यात बघा: सरकणारा जबडा फक्त 1 मिनिटाच्या कोनानं, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागानं कलला आणि पार्ट पट्टीपासून 40 मिमी दूर धरलेला असला, तर सुमारे 12 मायक्रॉनची चूक. डिस्प्लेचा शेवटचा आकडा एकनं बदलायला एवढं पुरेसं आहे. आणि तो कल किती होईल हे ठरतं स्लाइड किती सैल आहे आणि अंगठा किती दाबतो यावर, कारण नेहमीच्या कॅलिपरला रॅचेट नसतो. एकच गेज जबड्याच्या टोकाशी आणि मुळाशी धरून दोन रीडिंग घ्या. फरक आला, तर तो झिजलेल्या जबड्याचा, सैल स्लाइडचा की अंगठ्याचा? सवयीचा हात असेल तर हे ओळखता येतं. तो हात मायक्रोमीटरवर तयार होतो.

तपासणीचा क्रम साधा आहे. जबडे बंद करून उजेडासमोर धरा, फट दिसते का बघा. मग पूर्ण लांबीवर चार-पाच मापांना गेज लावा, प्रत्येक माप टोकाशी आणि मुळाशी. आतल्या मापाचे जबडे अनेक जण तपासतच नाहीत. रिंग गेज (खात्रीच्या भोकाची कडी) नसेल तर तपासलेला मायक्रोमीटर ठरावीक मापावर लॉक करून त्याच्या दोन तोंडांमधलं अंतर आतल्या जबड्यांनी मोजा. लहान भोकात मात्र या जबड्यांच्या कडांची जाडी आडवी येते आणि भोक आहे त्यापेक्षा लहान दिसतं; हा रचनेचाच परिणाम आहे, तो जुळवून जात नाही. खोली मोजणाऱ्या पट्टीसाठी सरफेस प्लेटवर (संदर्भाच्या सपाट फरशीवर) सारख्या मापाचे दोन गेज ठेवा, कॅलिपरचं बूड त्यांवर टेकवा आणि पट्टी प्लेटपर्यंत सोडा.

डायल गेज

हा मी तिसरा ठेवतो, कारण तो लांबी मोजत नाही, लांबीतला फरक मोजतो, आणि तपासायला दुसऱ्या उपकरणाचा आधार मागतो. डायल गेज तपासण्याचा जो स्टँड असतो त्यात बहुधा मायक्रोमीटरचंच मुंडकं बसवलेलं असतं. मायक्रोमीटरवर विश्वास ठेवायला शिकलेला माणूस इथे सहज येतो, उलट दिशेनं येणं अवघड जातं.

पण डायल गेज जे शिकवतो ते बाकी दोघांत नाही. आत रॅक आणि दातेरी चाकं असतात, त्यामुळे प्लंजर (पार्टवर टेकणारी दांडी) आत जाताना एक रीडिंग आणि त्याच बिंदूवर परत येताना दुसरं. म्हणून तपासणी दोन्ही दिशांनी करायची: काट्याच्या पहिल्या फेरीत दर 0.1 मिमीला थांबत पुढे जायचं, टोक गाठलं की थोडं पलीकडे नेऊन तेच बिंदू परतीच्या वाटेवर घ्यायचे. जातानाच्या आणि येतानाच्या आकड्यातला फरक ही स्वतंत्र चूक म्हणून लिहायची. मध्येच दिशा बदलली तर सगळी मालिका वाया जाते.

प्लंजर मापाच्या दिशेला समांतर नसेल तर आणखी एक चूक येते. 10 अंश तिरका लावलेला प्लंजर 1.000 मिमीच्या हालचालीला सुमारे 1.015 दाखवतो. 15 मायक्रॉनची ही चूक उपकरणाची नाही, बसवणाऱ्याची आहे. आणि प्लंजर अडकतोय म्हणून त्यावर तेल सोडू नका. तेलावर धूळ बसते आणि महिन्याभरात तो आणखी अडकतो. कोरड्या स्वच्छ कापडानं पुसा, तरीही अडकला तर दुरुस्तीला द्या.

स्लिप गेज कोणते घ्यावेत

तिन्ही उपकरणांना हा खर्च समान आहे, आणि इथे चुकीची निवड सगळ्यात जास्त होते. स्वीडनच्या कार्ल एडवर्ड योहानसन यांनी 1896 च्या सुमारास गेज एकमेकांना चिकटवून थोड्या ठोकळ्यांतून शेकडो मापं तयार करायची कल्पना काढली. म्हणून लोक थेट 87 तुकड्यांचा मोठा संच घ्यायला धावतात. नवख्याला त्याची गरज नाही. दहा तुकड्यांचा मायक्रोमीटर संच पुरतो, त्यात काही चिकटवावं लागत नाही, आणि त्याच पैशात वरचा ग्रेड परवडतो. आयएसओ 3650 मध्ये के, 0, 1 आणि 2 असे ग्रेड आहेत. मायक्रोमीटरसाठी ग्रेड 1 घ्या; 25 मिमीला त्याची सूट ±0.3 मायक्रॉन. ग्रेड 2 फक्त कॅलिपरच तपासायचे असतील तर.

ग्रेडपेक्षा प्रमाणपत्र महत्त्वाचं. आयएसओ/आयईसी 17025 नुसार मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचं, प्रत्येक तुकड्याची प्रत्यक्ष चूक आणि अनिश्चितता लिहिलेलं. त्या कागदामुळेच तुमचं माप पायरीपायरीनं मीटरच्या व्याख्येपर्यंत जोडलं जातं. जुना, प्रमाणपत्र नसलेला मोठा संच आणि नवा, प्रमाणपत्रासह लहान संच, असे दोन पर्याय समोर आले तर दुसरा घ्या.

स्टील की सिरॅमिक? सिरॅमिक गंजत नाही आणि कमी झिजतो, पण महाग. बहुतेक उपकरणं स्टीलची असल्यानं स्टीलचा गेज त्यांच्याबरोबरच फुगतो आणि आकसतो, हा त्याचा मोठा फायदा. 1931 मध्ये लांबीच्या मापासाठी 20 अंश सेल्सिअस हे संदर्भ तापमान आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलं. खोली 26 अंशांवर असली तरी गेज आणि मायक्रोमीटर दोन्ही स्टीलचे आणि दोन्ही 26 अंशांवर असतील तर बराचसा परिणाम आपोआप कटतो. अट एकच, दोघं एकाच तापमानाला आलेले हवेत. म्हणून दोन्ही वस्तू एकाच लोखंडी प्लेटवर निदान तासभर शेजारी ठेवा आणि गेज हातमोजा घालून किंवा लाकडी चिमट्यानं उचला. कटतो तो परिणाम फक्त स्टीलवर स्टीलचा, हेही ध्यानात असू द्या. 100 मिमीचा अॅल्युमिनियमचा पार्ट 30 अंशांवर स्टीलच्या उपकरणानं मोजलात तर साडेअकरा मायक्रॉनच्या आसपास जास्त दिसतो, आणि उपकरण कितीही उत्तम तपासलेलं असलं तरी ही चूक त्यानं झाकली जात नाही.

अनिश्चिततेचा हिशोब कशावर चांगला कळतो

डिजिटल कॅलिपरमध्ये शेवटचा आकडा 0.01 मिमीचा, म्हणून खरं माप दाखवलेल्या आकड्याच्या आसपास ±0.005 मध्ये कुठेही असू शकतं. याला 3 च्या वर्गमुळानं भागलं की 2.9 मायक्रॉन मिळतात. गेजचा, तापमानाचा वाटा एक मायक्रॉनच्या आतला. वर्ग करून बेरीज घेतली की ते जवळपास गायब. हिशोब झाला, पण त्यातून कळलं एवढंच की डिस्प्ले जाडाभरडा आहे. मायक्रोमीटरमध्ये गेज, तापमान, रीडिंगचा अंदाज, पुन्हा पुन्हा घेतलेल्या रीडिंगचा पसारा हे सगळे वाटे एकमेकांच्या तोडीचे असतात. कुठला वाटा कमी केला तर फायदा होईल हे तिथे दिसतं, आणि बेरजेला 2 नं गुणून साधारण 95 टक्के खात्रीची मर्यादा लिहिताना त्या आकड्याचा अर्थ लागतो.

मग कुणी काय निवडावं

तुमच्या कामातले टॉलरन्स (मापात चालणारा फरक) 0.1 मिमी किंवा त्याहून सैल असतील, मायक्रोमीटर वर्षाकाठी कधीतरी बाहेर येत असेल, तर कॅलिपरवरच सुरू करा. उपकरणाची चूक टॉलरन्सच्या चौथ्या हिश्शाच्या आत असावी हा जुना नियम तिथे सहज पाळला जातो. मशीन जुळवणं, शाफ्टचा रनआउट (फिरताना होणारं डुगडुगणं) बघणं हेच तुमचं काम असेल तर डायल गेज आधी शिकावा लागेल, पण तपासणीचा स्टँड कुणीतरी तपासून दिलेला घ्या. बाकी सगळ्यांनी, विशेषतः ज्यांना पुढे हेच काम करायचंय त्यांनी, मायक्रोमीटर.

वर्गात शिकावं की कामावर, हेही विचारलं जातं. छोट्या अभ्यासक्रमात अनिश्चिततेचं गणित आणि नोंदींची पद्धत नीट मिळते. हाताचा दाब आणि सफाई मात्र टूलरूममधल्या जुन्या माणसाशेजारी बसून येते. एकच जमणार असेल तर मी दुसरं निवडेन, कारण गणित नंतर पुस्तकातून भरून काढता येतं.

कॅलिपरकडे कधी वळायचं? एकच 12.9 चा गेज घ्या, मायक्रोमीटरनं दहा वेळा मोजा, दर वेळी उघडून पुन्हा. दुसऱ्या दिवशी पहिले आकडे न बघता तेच करा. 1 मायक्रॉन वाचता येणाऱ्या मायक्रोमीटरवर दोन्ही दिवसांचे सगळे आकडे 2 मायक्रॉनच्या आत बसले की हात तयार झाला असं समजा. मग तोच गेज कॅलिपरच्या जबड्यात, आधी मुळाशी, मग टोकाशी.